फ्लायओव्हरमध्ये (आभाळातून उडत बघितल्यासारख्या चित्रफितीत) इमारत जागेवर बसत नाही: सरकणं, थरथरणं आणि जमिनीत रुतणं

कॅमेरा आभाळातून खाली उतरतो, धरणाच्या पाण्यावरून वळतो, प्लॉटभोवती अर्धी प्रदक्षिणा घालतो आणि या सगळ्यात आपली इमारत काही जमिनीला धरून राहत नाही. कधी ती शेवाळलेल्या फरशीवरून घसरावं तशी सरकते, कधी जागच्या जागी थरथरते, कधी अर्धी जमिनीत रुतलेली दिसते. गूगल अर्थ स्टुडिओमधून हवाई दृश्य काढून त्यावर स्वतःचं मॉडेल बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे भोगावं लागतं. एका प्रोजेक्टला सुटलं म्हणून पुढच्या प्रोजेक्टला सुटलेलं नसतं. आणि बहुतेक जण त्यावर एकच उपाय करतात: इमारत जिथं सरकलेली दिसेल तिथं हातानं कीफ्रेम (त्या क्षणी वस्तू कुठं असावी हे नोंदवणारी खूण) टाकून तिला मागं ओढायचं. सुरुवातीची दोन वर्षं मीही तेच केलं. एका कीफ्रेमच्या दहा होतात, दहाच्या चाळीस होतात, आणि शेवटी इमारत सरकायची थांबते पण डुलायला लागते.

कीफ्रेमला हात लावण्याआधी इमारत नेमकी कशी हलते ते बघा. हलण्याची प्रत्येक तऱ्हा वेगळी असते आणि तिच्यामागचं कारणही वेगळं असतं. तऱ्हा ओळखता आली की दुरुस्ती बहुतेक वेळा एका आकड्याची असते.

कामाची पद्धत आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. अर्थ स्टुडिओ क्रोम ब्राउझरमध्ये चालतो. त्यात कॅमेऱ्याची वाट आखायची, जेपीईजी फ्रेमची मालिका रेंडर करून, म्हणजे चित्रं तयार करून घ्यायची आणि तिच्यासोबत कॅमेऱ्याची माहिती जेसन (साध्या मजकुरातल्या) फाइलमध्ये किंवा आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरसाठीच्या स्क्रिप्टमध्ये उतरवून घ्यायची. जेसनमध्ये प्रत्येक फ्रेमला कॅमेरा कुठं होता, कुठं वळला होता आणि त्याचा दृष्टिकोन (भिंगात मावणाऱ्या दृश्याचा कोन) किती अंशांचा होता हे सगळं लिहिलेलं असतं. मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तसाच कॅमेरा उभा करायचा, त्याच्यासमोर मॉडेल ठेवायचं आणि फ्रेमच्या मालिकेवर मॉडेलचं रेंडर चढवायचं. म्हणजे दोन कॅमेरे झाले, एक गूगलचा आणि एक आपला. ते दोन्ही प्रत्येक फ्रेमला एकाच जागी, एकाच दिशेला, एकाच भिंगातून बघत असतील तरच इमारत जमिनीवर टिकते.

आधी तीन ठोकळे

पूर्ण मॉडेल घालून तपासत बसू नका. मॉडेल मोठं असतं, त्याच्या कडा झाडांत हरवतात आणि डोळा फसतो. मी दहा मीटरचे तीन लाल ठोकळे घेतो आणि नकाशावर कोपरा स्पष्ट दिसतो अशा तीन जागांवर ठेवतो. आपल्याकडे यासाठी विहिरीचा काठ, पाण्याच्या टाकीचा पाया, देवळाचा चौथरा, डांबरी रस्त्याला कच्चा रस्ता मिळतो तो कोपरा अशा जागा चांगल्या. शेताचा बांध घेऊ नका, त्याची कड धूसर असते. एक ठोकळा प्लॉटच्या जवळ ठेवायचा, दुसरा दोनशे-तीनशे मीटर लांब, तिसरा शक्य तेवढ्या वेगळ्या उंचीवर. अर्थ स्टुडिओत त्याच तीन जागांवर जमिनीला टेकलेले ट्रॅक पॉइंट (नकाशावरच्या जागेच्या खुणा) टाकून ठेवायचे, ते जेसनमध्ये सोबत येतात.

मग चित्र दोनशे टक्के मोठं करून फ्रेममागून फ्रेम बघायची. अॅनिमेशन चालवून बघायचं नाही, बाणाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढं जायचं. पहिली फ्रेम, मधली, शेवटची, आणि कॅमेरा सगळ्यात वेगानं वळतो तिथल्या दहा-बारा फ्रेम. कागदावर लिहा: पहिल्या फ्रेमला बरोबर आहे का, कॅमेरा थांबतो तेव्हा बरोबर आहे का, मध्यभागी बरोबर पण कडेला चुकतंय का, सरळ वरून बघताना बरोबर आणि तिरकं बघताना चुकतंय का. एवढ्या चार उत्तरांत बहुतेक निदान होतं.

थरथरत असेल तर

ठोकळा कुठल्या एका दिशेला जात नाही, फक्त कापतो. कॅमेरा संथ चालला असेल तेव्हा हे जास्त जाणवतं. यात मॉडेलची चूक नसते, आकडे फार मोठे झालेले असतात.

जेसनमध्ये कॅमेऱ्याची जागा पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेली येते. पुण्याच्या पश्चिमेला मुळशीच्या आसपास या तीन आकड्यांपैकी एक साधारण ५८ लाख मीटरच्या घरात जातो. ब्लेंडर आत जे आकडे वापरतं ते ३२ बिटांचे असतात. तेवढ्या बिटांत ५८ लाखांजवळ दोन शेजारच्या आकड्यांमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर पडतं. म्हणजे कॅमेरा अर्ध्या मीटरच्या पायऱ्यांवरूनच चालू शकतो, मधे पाय ठेवायला जागाच नाही. कॅमेरा इमारतीपासून ६०० मीटरवर असेल, उभा दृष्टिकोन २० अंशांचा असेल आणि चित्र १०८० ओळींचं असेल, तर अर्धा मीटर म्हणजे अडीच पिक्सेल. तीच ती थरथर.

यावर स्मूदिंग लावू नका. रेंडरच्या पानावर कॅमेऱ्याची माहिती काढताना ग्लोबलऐवजी लोकल निवडा आणि प्लॉटवरचा ट्रॅक पॉइंट मूळबिंदू म्हणून द्या. सगळे आकडे काही शे-हजार मीटरांत येतात आणि थरथर मुळातच नाहीशी होते. जुनं रेंडर असेल, पुन्हा काढणं शक्य नसेल, तर ब्लेंडरमध्ये आणण्याच्या आधी एका लहानशा पायथॉन स्क्रिप्टनं ट्रॅक पॉइंटची जागा सगळ्या फ्रेममधून वजा करा. वजाबाकी ब्लेंडरच्या बाहेर व्हायला हवी. आत आणल्यावर केली तर अर्धा मीटर आधीच हरवलेला असतो आणि तो परत येत नाही.

थरथर नाही, पण प्रदक्षिणेत एकच फ्रेम एकदम फराटा ओढल्यासारखी येते, असंही होतं. मोशन ब्लर (वेगानं हलताना येणारा धूसरपणा) चालू असतानाच हे दिसतं. कॅमेऱ्याचा कोन ३५९ वरून ० वर येतो आणि ब्लर काढताना ब्लेंडर त्या दोन फ्रेमच्या मधे पूर्ण उलटी फेरी मारतं. ग्राफ एडिटरमध्ये युलर फिल्टर (कोनांतल्या अशा उड्या काढणारा) लावला की काम झालं.

सरकत असेल तर

यात तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्हींची खूण वेगळी.

पहिली फ्रेम अगदी बरोबर आणि मग चूक वाढत वाढत जाते: फ्रेमरेट (एका सेकंदातल्या फ्रेमची संख्या) जुळत नाही. अर्थ स्टुडिओत २५ ठेवला, पण आफ्टर इफेक्ट्स फ्रेमची मालिका आत घेताना सांगितलं नाही तर ती ३० ची धरतं. दहा सेकंदांचं दृश्य ८.३३ सेकंदांतच संपतं, तिकडे मॉडेलचा कॅमेरा आपले दहा सेकंद पुरे करतो. इंटरप्रेट फुटेजमध्ये जाऊन २५ लिहा. हे इतकं साधं आहे की आपण असं केलं असेल यावर माणसाचा विश्वासच बसत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी तपासा.

कॅमेरा थांबला की इमारत बरोबर बसते, चालायला लागला की वेगाच्या प्रमाणात मागं किंवा पुढं राहते: एका फ्रेमचा फरक आहे. ब्लेंडरची टाइमलाइन एकपासून सुरू होते, फ्रेमच्या फाइलींचा पहिला क्रमांक शून्य असतो. फुटेजचा ऑफसेट एकनं बदलून बघा. उलटा गेला तर उलट्या दिशेनं. संथ शॉटमध्ये हे दिसतही नाही, म्हणून अनेक जण कित्येक प्रोजेक्ट हा दोष पोसत असतात आणि एखाद्या वेगवान वळणात तो उघडा पडतो.

मध्यभागी बरोबर, कडेला चुकतंय: भिंग जुळत नाही. जेसनमध्ये दृष्टिकोनाचा कोन उभा दिलेला असतो. ब्लेंडर आडव्या चित्रासाठी स्वतःहून आडवा कोन धरतं. १६:९ च्या चित्रात उभा कोन २० अंश असेल तर आडवा साधारण ३४.८ अंश होतो. गुणोत्तरानं सरळ गुणून ३५.६ येतो तो चूक, कारण कोनाचं गुणोत्तर घ्यायचं नसतं, त्याच्या अर्ध्याच्या टॅनचं घ्यायचं असतं. गणित नको असेल तर ब्लेंडरच्या कॅमेऱ्यात सेन्सर फिट ऑटोवरून व्हर्टिकलवर न्या आणि २० तसेच लिहा.

याच खुणेचं आणखी एक कारण आहे, त्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. दृश्यावर गूगलचं नाव आणि नकाशाच्या स्रोतांची ओळ असते. ती दिसू नये म्हणून कुणीतरी एडिटमध्ये फुटेज १०५ टक्के मोठं करतं. भिंग त्याच क्षणी बिघडतं. आणि ती ओळ दृश्यावर कायम ठेवणं ही वापराची अटच आहे. शिक्षण, संशोधन, बातमी अशा कामांना बरीच मोकळीक आहे, पण जाहिरातीसाठी फिल्म करायची असेल तर काम हातात घेण्याआधी अटी स्वतः वाचा आणि ग्राहकाला त्या लेखी कळवा. ओळ लपवून कुणाचंही भलं होत नाही. मी ती ओळ गृहीत धरूनच फ्रेमची रचना करतो, खालच्या पट्टीत महत्त्वाचं काही ठेवत नाही.

उंचीचा घोळ

सगळ्यात जास्त वेळ यात जातो, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

खूण अशी: सरळ वरून बघितलं तर ठोकळा विहिरीच्या काठावर तंतोतंत. कॅमेरा तिरका झाला की तो काठ सोडतो. प्रदक्षिणा घालताना तर गंमतच दिसते, ठोकळा खऱ्या जागेभोवती स्वतः एक छोटी प्रदक्षिणा घालतो. तो कायम कॅमेऱ्याकडच्या बाजूला पडत असेल तर तो जमिनीखाली आहे. कायम पलीकडच्या बाजूला पडत असेल तर तो हवेत आहे. किती सरकेल याचंही गणित सोपं आहे: उंचीची चूक भागिले कॅमेरा खाली बघतो त्या कोनाचा टॅन. उंचीत फक्त तीन मीटरची चूक असेल आणि कॅमेरा क्षितिजाखाली ३० अंश बघत असेल, तर इमारत पाच मीटरांहून जास्त सरकलेली दिसते. म्हणूनच कमी उंचीवरच्या देखण्या तिरक्या शॉटमध्ये सगळं उघडं पडतं आणि वरून काढलेल्या कंटाळवाण्या शॉटमध्ये सगळं झाकलं जातं.

मुळशी धरणाच्या बॅकवॉटरवर उतारावरची एक प्रशिक्षण केंद्राची इमारत आम्ही करत होतो. सर्व्हेअरनं डीजीपीएसनं (उपग्रहांवर चालणाऱ्या अचूक यंत्रानं) मोजणी करून दिली होती, प्लिंथची (जोत्याची) पातळी ५८२ मीटर. तो आकडा मी तसाच घातला. वरून बघितलं, गेटपासून मागच्या जिन्यापर्यंत सगळं चोख. पाण्याच्या बाजूनं येणारा शॉट रेंडरला लावला आणि तसाच घेऊन बैठकीला गेलो, नीट तपासला नाही. पडद्यावर कॅमेरा पाण्यावरून तिरका होत आला तशी इमारत उतार सोडून आमच्याकडं यायला लागली. संस्थेचे एक वयस्कर विश्वस्त पुढं वाकून बघत होते. ते म्हणाले, "अहो, ही पाण्यात का उभी केलीत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. ज्या जमिनीवर ते तीस वर्षं चाललेत तिथं पाणी कुठवर येतं हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच.

चूक सर्व्हेअरची नव्हती. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की उंची लंबगोलापासूनची आहे. उपग्रहांवरून उंची निघते ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून. गूगल अर्थमधली उंची असते समुद्रसपाटीपासूनची. या दोन पातळ्या सगळीकडे एक नसतात, कारण गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. जगात हा फरक खालच्या बाजूला सगळ्यात मोठा आहे तो आपल्याच दक्षिणेला, श्रीलंकेच्या खाली हिंदी महासागरात, सुमारे १०६ मीटर. त्या खळग्याची उतरण आपल्यापर्यंत पोचते. पश्चिम महाराष्ट्रात समुद्रसपाटी लंबगोलाच्या साधारण ६० ते ७० मीटर खाली आहे. म्हणून डीजीपीएसचा आकडा समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा तेवढा कमी येतो. आमचा प्लॉट समुद्रसपाटीपासून ६४८ मीटरवर होता, मी त्याला ६६ मीटर खोल पुरलं होतं. ४५ अंशांच्या कोनातून बघताना ६६ मीटर खोल म्हणजे ६६ मीटर पुढं, सरळ पाण्यात.

तेव्हापासून सर्व्हेअरला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: "उंची कशापासूनची, लंबगोलापासूनची की एमएसएलपासूनची, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची?" तिसरं उत्तरही येतं आणि तेच जास्त वेळा येतं: "साहेब, टीबीएम १०० धरलाय." टोटल स्टेशननं (जमिनीवरून कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रानं) मोजणी करताना गेटजवळच्या एखाद्या दगडाला, म्हणजेच टीबीएमला, १००.००० मानायचं आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत मोजायचं ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे. बांधकामाला ती पुरेशी असते, नकाशावर ठेवायला अजिबात नाही. मग त्या दगडाची जागा नकाशावर शोधून तिथली उंची घ्यावी लागते.

उंची समुद्रसपाटीची आहे याची खात्री झाली तरी काम संपत नाही. गूगल अर्थमधली जमीन म्हणजे खरी जमीन नव्हे. जगाच्या मोठ्या भागासाठी मोफत मिळणारा उंचीचा आधार म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं अकरा दिवसांत रडारनं केलेली मोजणी, एसआरटीएम. तिच्यात दर साधारण ३० मीटरला एक आकडा असतो. सह्याद्रीच्या उतारावर ३० मीटरमध्ये जमीन पंधरा मीटर पडू शकते. मधला कडा, बांध, ताल सगळं त्यात घासून गुळगुळीत होतं. शिवाय रडारला दाट झाडीचा माथाही जमीनच वाटतो. सर्व्हेअर ६४८ म्हणतो आणि गूगलच्या जमिनीवर कर्सर नेला तर ६५३ दिसतात, यात दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

फ्लायओव्हरसाठी माझा निर्णय ठरलेला आहे: गूगलची जमीन खरी मानायची. आपण दृश्य करतोय, पायाभरणी नाही. प्लॉटच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्यावर जमिनीला टेकलेले पाच ट्रॅक पॉइंट टाकतो आणि मॉडेल त्यांच्यावर बसवतो. सर्व्हेतून फक्त इमारतीच्या आतल्या पातळ्यांमधला फरक घेतो. एकाच पॉइंटवर भरवसा ठेवू नका, तो नेमका एखाद्या झाडीच्या उंचवट्यावर पडला तर अख्खा प्लॉट वर जातो.

गूगल अर्थ प्रो वापरून केएमझेडमधूनच (गूगल अर्थच्या फाइलमधूनच) मॉडेल दाखवणारे लोक अजून आहेत. २०१५ मध्ये तो मोफत झाल्यापासून लहान ऑफिसांत तोच चालतो. तिथं रुतण्याचं कारण बहुतेक वेळा उंचीचा प्रकार असतो. क्लॅम्प्ड टू ग्राउंड, रिलेटिव्ह टू ग्राउंड आणि ॲब्सोल्यूट या तिघांतला ॲब्सोल्यूट म्हणजे समुद्रसपाटीपासून. प्लिंथ शून्य धरून काढलेलं मॉडेल ॲब्सोल्यूटवर ठेवलं तर ते मुळशीत साडेसहाशे मीटर खाली जाऊन बसतं आणि लोक म्हणतात मॉडेल उघडतच नाही. ऑप्शन्समध्ये थ्रीडी व्ह्यूखाली डोंगर उठून दिसावेत म्हणून उंचीचा गुणाकार कुणी वाढवून ठेवलाय का, तेही बघा. तो १ असायला हवा.

इमारत सरकत नाही, पण वाकडी बसते

ठोकळा जमिनीवर घट्ट आहे, कुठल्याही कोनातून तसाच, पण लांबचा ठोकळा दीड-दोन मीटर बाजूला. म्हणजे मॉडेल किंचित फिरलेलं आहे. मोजणीचे नकाशे यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन पाडून मीटरमध्ये मोजण्याच्या) चौकटीत येतात. पश्चिम महाराष्ट्र झोन ४३ मध्ये पडतो, त्याची मधली रेषा ७५ अंश रेखावृत्त. त्या रेषेपासून बाजूला गेलं की नकाशाची उत्तर आणि खरी उत्तर यांत कोन पडतो. मुळशी ७५ च्या सुमारे दीड अंश पश्चिमेला आहे, तिथं हा कोन जवळजवळ अर्धा अंश होतो आणि चौकटीची उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेकडे झुकते. २०० मीटर लांबीवर याचे दीड मीटरहून जास्त होतात. एका बंगल्याला काही फरक पडत नाही, संकुलाला पडतो. मॉडेल तेवढं फिरवा. नागपूरचं काम असेल तर झोन ४४, तिथं ४३ धरून चालणार नाही.

आणखी एक शक्यता अशी की सगळं गणित बरोबर आहे आणि चित्रच सरकलेलं आहे. अर्थ प्रोमध्ये जुन्या चित्रांची पट्टी मागं-पुढं करून बघा, तीच विहीर एका वर्षी इथं आणि दुसऱ्या वर्षी काही मीटर पलीकडे दिसते. उतारावर हे जास्त होतं, कारण तिरक्या कोनातून घेतलेलं चित्र ढोबळ जमिनीवर पसरलेलं असतं. अशा वेळी मी मोजणी सोडून चित्राला धरतो. बघणाऱ्याला अक्षांश-रेखांश दिसत नाहीत, रस्ता आणि गेट दिसतात. गेट रस्त्यावर उघडलं पाहिजे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून जागा घेतली असेल तर मात्र चूक काही मीटरांची नसते, कारण त्या एव्हरेस्ट नावाच्या वेगळ्या लंबगोलावर बेतलेल्या आहेत. तिथं डेटम (मोजणीचा आधार) बदलूनच घ्यायला हवा, नाहीतर इमारत दुसऱ्याच गटात जाते.

जमीन पोडियममधून (इमारतीखालच्या चौथऱ्यातून) वर येते, डोंगर इमारतीमागं जातो

उतार कापून बांधलेली इमारत असेल तर गूगलची जमीन कापता येत नाही, ती उतारासारखीच राहते. प्लॉटभोवती तीस-चाळीस मीटरची जमीन मी स्वतः करतो. सर्व्हेच्या कंटूरवरून आतला भाग, कडेला गूगलच्या जमिनीला हळूहळू मिळवलेला, आणि त्याच्यावर साइटचं ड्रोनचित्र. कडा मास्कनं विरवल्या की जोड दिसत नाही. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलवर त्या जागेचा झोन बघा. २०२१ च्या नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण धरणाच्या जवळ स्थानिक बंधनं असतात, तिथल्या कार्यालयात जाऊन विचारलेलं बरं.

दुसरी तक्रार अशी येते की पुढची टेकडी आडवी आली तरी इमारत तिच्यावर चढून दिसते. फुटेज हे शेवटी सपाट चित्र आहे, त्याला पुढंमागं कळत नाही. उंचीच्या मोफत आकड्यांवरून टेकडीचं जाळं ब्लेंडरमध्ये आणा आणि त्याला होल्डआउट करा. टेकडी दिसणार नाही, पण तिच्यामागचं मॉडेल कापेल. तेच जाळं सावली झेलायलाही चालतं.

सावलीवरून आठवलं. सगळं जुळलं तरी इमारत चिकटवल्यासारखी वाटते तेव्हा निम्म्या वेळा ऊन चुकलेलं असतं. बारकाईचं चित्र काढणारे बरेच उपग्रह एखाद्या जागेवरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. आणि पावसाळ्यात ढग असतात, म्हणून आपल्याकडची स्वच्छ चित्रं बहुतेक हिवाळा-उन्हाळ्यातली. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो, सावल्या वायव्येकडे पडतात. संध्याकाळचं सोनेरी ऊन कितीही आवडलं तरी ते इमारतीवर पाडू नका, शेजारच्या टाकीची सावली उलट दिशेला पडलेली असते. टाकीच्या सावलीची दिशा मोजा आणि सूर्य तिथं ठेवा.

टाइल (नकाशाच्या चित्राचे तुकडे) धूसर राहणं किंवा मधेच टचकन बदलणं हा वेगळा त्रास आहे. अर्थ स्टुडिओचं रेंडर चालू असताना तो टॅब पुढंच ठेवा, मागं गेलेल्या टॅबला क्रोम कमी वेळ देतं. अर्थ प्रोमध्ये मूव्ही मेकर लावण्याआधी तीच टूर एकदा पूर्ण चालवून घ्या, म्हणजे चित्रं कॅशमध्ये येतात.

मुळशीचं ते दृश्य आम्ही पुन्हा केलं. लोकल मूळबिंदू, पाच ट्रॅक पॉइंट, गूगलच्या जमिनीवर बसवलेली प्लिंथ, कडेला विरवलेली आमची जमीन. रेंडर संपल्यावर मी पाण्याकडून येणारा तोच शॉट उघडला आणि ठोकळे पुन्हा चालू केले. विहिरीवरचा ठोकळा पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत काठाला टेकून होता. टाकीच्या पायाजवळचा एका वळणात दीड पिक्सेल हलला. तो मी तसाच राहू दिला, ठोकळे बंद केले आणि फाइल विश्वस्तांना पाठवली.